काळी चार

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. एका माणसाने एक अख्खी इमारत, जिन्यासकट आणि गच्चीसकट, तीन मजले जमिनीत खचवली, आणि त्या गच्चीवर दर आठवड्याला चढणाऱ्या बाईला अडीच वर्षं पत्ता लागू दिला नाही. ना वीट पडली, ना तडा गेला. थाप वाटत असेल तर आत्ताच उठून जा, राग नाही. बसलात ना? मग मध्ये बोलू नका.

इमारत गाण्याची होती आणि खचवणारे होते लोणकढे.

लोणकढे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते थोरल्या भावाने, दादांनी, भर तालमीत ठेवलेलं. तिशीतले लोणकढे तेव्हा सगळ्या ऑर्केस्ट्राला सांगत होते, की काल कार्यक्रमात गालावर डास बसला, मी फाडकन मारला, तर तो आवाज असा नेमका समेवर पडला की लोकांनी वन्समोअर दिला. पण ऐन वेळी दुसरा डास आणायचा कुठून? दादांनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "याच्या सगळ्या थापा लोणकढ्या. आजपासून याचं आडनावच लोणकढे." ते जे चिकटलं, ते पोस्टमनपर्यंत पोचलं. एकदा तर दातांच्या डॉक्टरने केसपेपरवर तेच लिहिलं, आणि लोणकढ्यांनीही ते खोडायला लावलं नाही.

एकट्या वहिनींनी त्यांना कधी लोणकढे म्हटलं नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. त्या "भावोजी" म्हणायच्या. डासाची गोष्ट ऐकून सगळे हसत असताना वहिनींनी विचारलं होतं, "भावोजी, गाल लाल झाला असेल हो?" थाप मारणाऱ्या माणसाला असं कुणी विचारलं की त्याची पंचाईत होते. पुढे लोणकढे जगाला थापा मारत राहिले, पण वहिनींशी बोलताना जरा जपून मारायचे.

वहिनी गायच्या, दादा व्हायोलिन वाजवायचे आणि चाली बांधायचे, लोणकढे कीबोर्डवर. पेटी असो की कीबोर्ड, गाणाऱ्याचा सा ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. पांढऱ्या सात, काळ्या पाच. वहिनींची काळी चार. ती दादांनीच ठरवली होती, लग्नाच्याही आधी. गाणं जिथे सगळ्यात उंच चढतं त्या जागेला दादा 'गच्ची' म्हणायचे. "अंतऱ्यात जिना आहे, घाई करू नकोस, गच्ची येतेच आहे," असं ते भर कार्यक्रमात भुवई वर करून सांगायचे आणि वहिनींना ते कळायचं. दादांनी बांधलेल्या एका गाण्याची गच्ची इतकी उंच होती की लोणकढे सांगत, तिथून पलीकडच्या गावातलं वाळत घातलेलं धुणं दिसतं.

एकदा एक म्हातारा गायक त्यांच्याच मंचावर आला. मोठा माणूस, एके काळी नाव होतं. वरचा सूर लागेना, तसा तो लोकांपुढे माइक धरून "तुम्ही म्हणा, तुम्ही म्हणा" करत राहिला. लोकांनी टाळ्या दिल्या. दादांना त्या टाळ्या ऐकवेनात. परतताना गाडीत ते वहिनींना म्हणाले, "आपलं असं होऊ द्यायचं नाही. काळी चारमधून गच्चीवर जाता येईना, की माइक खाली ठेवायचा. जिन्यात बसून गाऊ नये."

"दिला शब्द," वहिनी म्हणाल्या. मागच्या सीटवर कीबोर्डची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या लोणकढ्यांनी ते ऐकलं. या शब्दाचे ते एकटेच साक्षीदार.

मग दादा गेले. ऑर्केस्ट्रा महिनाभरही टिकला नाही. लोणकढ्यांनी कीबोर्ड चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि चष्म्याच्या दुकानात, जिथे ते आधीपासूनच काचा घासायचे, तिथे पूर्ण वेळ घासू लागले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं विचारलं तर दर वेळी नवी गोष्ट सांगायचे. दादा गेल्यावर कुणी विचारेनासं झालं. दुकानातून घरी यायचं, कुकर लावायचा, रेडिओ लावायचा नाही. नऊ वर्षं अशी गेली.

ही घडी मोडली पुतणीने. दादांची ही एकुलती एक मुलगी, बोलायला बापासारखी थेट. ती एका सकाळी दुकानात आली आणि काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "काका, आई दिवसासुद्धा पडदे लावून बसते."

"उन्हाचा त्रास होत असेल."

"काका."

"बरं, नसेल."

"मी विचारलं काय करत होतीस, तर म्हणते काही नाही. रोज काही नाही. डॉक्टर म्हणाले तब्येत ठणठणीत आहे. आमच्याजवळच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी म्हातारी माणसं जमतात—"

"म्हातारी माणसं म्हणजे आम्ही."

"म्हणजे तुम्ही. त्यांना गाणं हवंय. तुम्ही वाजवायला बसलात तर ती गाईल. दुसऱ्या कुणाबरोबर नाही गाणार. मी विचारून पाहिलंय."

"माझी बोटं गेली गं. आता फक्त काच घासतात."

"बाबा म्हणायचे, काका नाही म्हणाला की ती थाप समजायची."

लोणकढ्यांनी त्या संध्याकाळी शिडी लावली.

कीबोर्ड उतरवणं सोपं होतं. पुढचं ऐका. पट्ट्यांखालची रबरं कडक झालेली. तीन पट्ट्या मुक्या. त्यांनी तो उघडला, दुकानातून आणलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने रबराखालचा एकेक विजेचा जोड पुसला आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा जोडला. पट्ट्या बोलल्या. बोटांचं तसं नव्हतं. बोटांना सगळं आठवत होतं, पण आठवण पोस्टाने यायची. उजव्या हाताचं चौथं बोट वाकलं की उलगडायला कुरकुरायचं. उभ्याने वाजवणं संपलं होतं, स्टूल लागायचं. स्टँड उचलवेना, म्हणून भाजीच्या पिशवीची चाकं त्याला बांधली. बटणांवरची नावं वाचायला एक चष्मा, वहिनींकडे बघायला दुसरा.

पहिल्या बुधवारी हॉलमध्ये तीसेक माणसं होती, चहा होता, बिस्किटं होती. वहिनी माइक दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, कुणी हिसकावून घेईल असा. पाच सोपी गाणी झाली. घरी जाताना रिक्षात त्या म्हणाल्या, "भावोजी, तुमचं मधलं बोट उशिरा येतंय."

"मधलं नाही, चौथं."

"मग बरोबर. मधलं पण येत होतं उशिरा." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हसल्या. पुतणीचा फोन आला, की आईने आज स्वतःहून पडदे उघडले, आणि धूळ बघून पुतणीलाच रागावली.

असे पाच-सहा बुधवार गेल्यावर कुणातरी जुन्या माणसाने दादांच्या गाण्याची फर्माईश केली. वहिनी म्हणाल्या, पुढच्या वेळी. सोमवारी त्यांच्या पुढच्या खोलीत तालीम ठेवली. लोणकढ्यांनी काळी चार धरली, गाणं जिना चढू लागलं, आणि शेवटच्या पायरीवर आवाज फाटला.

"घसा बसलाय," वहिनी म्हणाल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा चढल्या. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं, पण गायल्या नाहीत.

"यांनी सांगून ठेवलं होतं," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुम्हीही होतात गाडीत."

"मी झोपलो होतो."

"नव्हतात." त्या उठल्या. "चहा टाकते. बुधवारी त्यांना कळवा, मी येत नाही म्हणून. या बुधवारी नाही, पुढेही नाही."

त्या आत गेल्या. जाता जाता त्यांचा हात सवयीने खिडकीच्या पडद्याकडे गेला आणि अर्धा पडदा ओढला गेला. तो अर्धा पडदा लोणकढ्यांनी पाहिला, आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं एक छोटं बटण एकदा दाबलं.

हे बटण समजून घ्या, सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. याला ट्रान्सपोज म्हणतात. ते एकदा दाबलं की अख्खा कीबोर्ड अर्ध्या सुराने खाली जातो. बोटं जिथल्या तिथे; काळी चारवरच. पण आवाज येतो पांढरी पाचचा. डोळ्याला एक पट्टी, कानाला दुसरी. वाजवणारे हे बटण एका गाण्यापुरतं दाबतात आणि परत शून्यावर आणायला विसरतात. मग पुढच्या गाण्यात सगळ्या ऑर्केस्ट्राची दाणादाण उडते. लोणकढेही तरुणपणी तीनदा विसरले होते आणि तिन्ही वेळा दादांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. या वेळी मात्र ते विसरणार नव्हते.

"एकदा शेवटचं म्हणून घ्या वहिनी," चहा आल्यावर ते म्हणाले. "पाण्याने घसा बिघडतो, चहाने सुटतो. एक गायक तर गरम चहाच्या वाफेवरच गायचा, कप रिकामा झाला की गाणं बंद."

वहिनी त्यांच्या हातांकडे बघत गायल्या. बोटं काळी चारवर होती. गच्ची आली आणि त्या अलगद तिच्यावर जाऊन उभ्या राहिल्या. सूर संपल्यावरही त्यांचं तोंड थोडा वेळ उघडंच होतं. मग त्यांनी पडदा सरकवला.

"कळलं नाही का त्यांना?" असं विचाराल. पट्टी नुसत्या कानाने ओळखणारा माणूस हजारात एक. बाकीच्यांना ती घशाने कळते, आणि घसा म्हणत होता, आज बरं वाटतंय.

लोणकढ्यांनी ठरवलं होतं, एकच दिवस. पण खोट्याचं तसं नसतं. ते भाडेकरूसारखं, एकदा आत आलं की आपली भांडी लावून टाकतं. वर्षाने गच्ची पुन्हा डगमगली, बटण दुसऱ्यांदा दाबलं गेलं. पुढच्या थंडीत तिसऱ्यांदा. वहिनींच्या लेखी गच्ची होती तिथेच होती. इमारत खाली गेली होती. बटणाशेजारच्या इवल्याशा पडद्यावर 'उणे तीन' दिसायचं, म्हणजे बोटं काळी चारवर आणि आवाज पांढरी चारचा. तिथे लोणकढ्यांनी काळी चिकटपट्टी लावली. "उजेड डोळ्यांत जातो," ते म्हणाले. वहिनींनी काळजीने विचारलं, "मोतीबिंदू तर नसेल ना भावोजी? तुमच्याच दुकानात दाखवून घ्या."

एका बुधवारी एक बासरीवाले गृहस्थ आले, निवृत्त शिक्षक, अतिशय सज्जन. साथ करू का, म्हणाले. त्यांनी काळी चारची बासरी काढली आणि पहिल्याच ओळीला दोघांचे सूर असे भिडले, की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. लोणकढ्यांनी क्षणाचाही वेळ न घालवता सांगितलं, "मास्तर, उकाड्याने तुमची बासरी चढलीय. नळाखाली धरा." ते सज्जन गृहस्थ खरोखर नळाखाली धरून आले. मग म्हणाले, हिचं काही खरं नाही दिसत, आणि मुकाट्याने बसले. पुढच्या आठवड्यात ते नवी बासरी घेऊन आले, तर लोणकढ्यांना त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी त्यांनी पोटात दुखतंय म्हणून कार्यक्रम अर्ध्यात संपवला. पोटात खरंच दुखत होतं.

आणि वहिनी? वहिनी हॉलच्या व्यवस्थापक बाईंना सांगत होत्या, "सदुसष्ट पूर्ण. पण पट्टी तीच हो. काळी चार. यांनी दिलेली." सांगताना त्यांची मान किंचित ताठ व्हायची. ते ऐकलं की लोणकढे वायर गुंडाळायला खाली वाकायचे, आणि वायर फार वेळ गुंडाळत राहायचे.

असं चाललं असताना त्या हॉलला पन्नास वर्षं झाली. दुपारचा मोठा कार्यक्रम ठरला, दोनशे खुर्च्या, आणि शेवटी दादांचं गाणं, कारण दादांचा पहिला कार्यक्रम याच हॉलमध्ये झाला होता. पुतणी रजा घेऊन येणार होती.

लोणकढे तासभर आधी पोचले. स्टँड उभा केला, कीबोर्ड ठेवला, पिशवीतून अडॅप्टर काढला. पिन आत जाईना. फिरवून पाहिली. चष्मा बदलून पाहिली. मग अडॅप्टरच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं, आणि स्टुलावर बसले. तो रक्तदाब मोजायच्या यंत्राचा अडॅप्टर होता. दोन्ही काळे, दोन्ही चौकोनी, दोन्ही एकाच खणात. तरुण वाजवणारा अडॅप्टर घरी विसरतो. म्हातारा आठवणीने आणतो, पण दुसऱ्याच दुखण्याचा. परत जाऊन यायला दीड तास लागला असता.

"अहो, मग पियानो आहे की!" व्यवस्थापक बाई उत्साहाने म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या एका उंच, उभ्या पियानोवरचं कापड ओढलं. "पन्नास वर्षं म्हणून मुद्दाम लावून घेतला. आज सकाळीच. हे काय, हे बसलेत ते."

पहिल्या रांगेत पियानो लावणारे म्हातारे ट्यूनर बसले होते. त्यांच्या जाड चष्म्याच्या काचा लोणकढ्यांच्याच हातच्या, त्यामुळे ओळख होती. "केसाइतकाही फरक नाही," ते म्हणाले. "आता त्याच्यापुढे कुणाचं खोटं चालायचं नाही."

पियानोला बटण नसतं.

लोणकढ्यांसमोर दोनच रस्ते राहिले. काळी चार वाजवावी, जी बोटांना झोपेतही येते, आणि वहिनींचा आवाज दोनशे माणसांसमोर, पोटच्या मुलीसमोर, फाटू द्यावा. किंवा खरी पांढरी चार वाजवावी. बोटांना ती येत नव्हती. बटणाने वहिनींना जितकं फसवलं होतं, त्याहून जास्त बोटांना. आणि वहिनींची नजर एकदा पट्ट्यांवर गेली की संपलं.

"बाई, हा पियानो फिरवायचा. त्याची पाठ लोकांकडे."

"पाठ? मग तुम्ही लोकांना दिसणार कसे?"

"मी आता दिसण्यासारखा राहिलोय कुठे? ऐकण्यासारखा आहे तोवर ऐकून घ्या."

दोघांनी तो ढकलला. चाकं किंचाळली. आता पियानोची उंच पाठ पुढे आणि लोणकढे तिच्याआड, म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्या वहिनींना त्यांचं फक्त टक्कल दिसणार. त्यांना पंचवीस मिनिटं मिळाली. चाळीस वर्षं ज्या रस्त्याने घरी गेलो तो सोडून शेजारच्या बोळातून, डोळे मिटून, नेमकं त्याच दाराशी पोचायचं, असं ते काम होतं. बोटं सारखी जुन्या रस्त्याला लागत होती. ते त्यांना परत वळवत होते. कुरकुरणाऱ्या चौथ्या बोटाला त्यांनी हळू आवाजात आईवरून काहीतरी म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. देवाला मात्र ते काही म्हणाले नाहीत, दादांना म्हणाले, "एवढं निभावू दे. मग झाप हवं तेवढं."

वहिनी आल्या, निळ्या साडीत, पुतणीचा हात धरून. पियानो बघून म्हणाल्या, "अगंबाई, खरा?" पहिल्या गाण्याला लोणकढ्यांनी पांढरी चार धरली. ट्यूनरांनी एकदम मान वर केली. कार्यक्रमपत्रिकेत काय छापलंय ते त्यांनी पाहिलं. तिथे व्यवस्थापक बाईंनी हौसेने छापून घेतलं होतं, 'सदुसष्ट पूर्ण, तरी तीच काळी चार!' त्यांनी कागद हळूच दुमडला आणि मांडीवर उलटा ठेवला.

बोटं अडखळली, सावरली. तिसऱ्या गाण्यात एक जागा साफ चुकली. वहिनी माइक बाजूला करून पियानोवरून म्हणाल्या, "भावोजी, खऱ्या पट्ट्या जड जातायत ना?"

"खरं जडच जातं, वहिनी," लोणकढे म्हणाले. आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

पण हळूहळू काहीतरी झालं. आठवण पोस्टाने येत होती ती आता चालत, मग जरा भरभर येऊ लागली. कीबोर्डमध्ये जो आवाज कुठूनतरी आणलेला असायचा तो इथे लाकडातून, गुडघ्यांपर्यंत यायचा. चौथं बोट कुरकुरतच सुरात वाजत होतं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा लोणकढे वाजवत होते, नुसती बोटं नव्हती. त्या दुपारचा एवढाच वेळ त्यांना मिळाला. तो त्यांनी पुढे कधी कुणाला फुगवून सांगितला नाही, यावरून काय ते समजा.

शेवटचं गाणं आलं. आणि लोणकढे एक गोष्ट विसरले होते. दादांच्या गाण्याला वहिनी कधीच समोर उभ्या राहत नसत. त्या नेहमी वाद्याशेजारी यायच्या, कडेवर डावा हात ठेवायच्या आणि पट्ट्यांकडे बघत सुरुवात करायच्या. दादा होते तेव्हापासूनची सवय. पियानोला वळसा घालून त्या आल्या. हात लाकडावर ठेवला. खाली पाहिलं.

लोणकढ्यांची बोटं पांढरी चारवर होती.

अजून एक मात्रा हातात होती. तेवढ्यात बोटं तीन पट्ट्या उजवीकडे सरकू शकली असती, घरच्या रस्त्याला. लोणकढ्यांनी वहिनींच्या हातातला माइक पाहिला. बोटं हलली नाहीत. त्यांनी सुरुवातीचे सूर जिथे होते तिथेच वाजवले.

वहिनी गायल्या. पट्ट्यांवरून नजर न हलवता गायल्या. अंतरा आला, जिना आला, त्यांनी घाई केली नाही. गच्चीवर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी कप बशीवर टेकायचा राहून गेला. मग टाळ्या झाल्या. पुतणी उभी राहून वाजवत होती, डोळे पुसायचं विसरून.

टाळ्या संपल्या तरी वहिनी लोकांकडे वळल्या नाहीत.

"भावोजी," त्या म्हणाल्या. माइक तोंडाजवळच होता, त्यामुळे दोनशे माणसांनी ऐकलं. "ही कुठली पट्टी?"

"काळी चार," लोणकढे म्हणाले.

"कधीपासून?"

आयुष्यभरात मारल्या नाहीत तेवढ्या थापा त्यांच्या डोक्यात एकदम उभ्या राहिल्या. त्यांनी त्यातली सगळ्यात मोठी उचलली आणि लोकांकडे वळून, हात पसरून सांगू लागले.

"मंडळी, वहिनींना वाटतंय ही पांढरी चार. दिसते तशी, मान्य! पण हा पियानो आला बोटीतून. वाटेत असं वादळ झालं की याच्या सगळ्या पट्ट्या निसटून डेकवर विखुरल्या. खलाशांनी कंदील घेऊन त्या गोळा केल्या आणि परत बसवल्या. पण खलाशीच ते! गाठ मारायला सांगा, शीड ओढायला सांगा, सुरातलं त्यांना काय कळणार? तीन पट्ट्या सरकून बसल्या. तेव्हापासून या पियानोत काळी चार पांढरी चारच्या जागी राहते. बिचारी भाड्याने राहते म्हणा ना! विचारा हवं तर, ज्यांनी आज सकाळी लावला त्यांना विचारा."

हॉल हसला. सगळे ट्यूनरांकडे बघू लागले. उभ्या आयुष्यात अर्ध्या सुराचंही खोटं न बोललेला तो माणूस खुर्चीतून अर्धवट उठला. त्यांनी चष्मा काढला आणि काचा पुसल्या, बराच वेळ.

"हो," ते म्हणाले. "जुन्या पियानोंत... होतं असं कधी कधी."

आणखी हशा झाला. पुतणीच तेवढी हसली नाही. तिने आईकडे पाहिलं आणि हळूच खाली बसली.

वहिनींनी पियानोच्या कडेवरचा डावा हात उचलला. एक बोट पुढे केलं आणि लोणकढ्यांच्या हातावरून नेऊन खरी काळी चार दाबली. सूर वाजला. स्वच्छ, उंच, दादांनी दिलेला. तो विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. त्यांनी ओठ उघडले, त्या सुराशी आपला सूर लावून बघावा तसे, आणि मिटले. मग त्यांनी पांढरी चार दाबली. तीही विरेपर्यंत ऐकली.

चहाच्या टेबलाशी कुणीतरी चमचा खाली ठेवला, तेवढाच आवाज.

माइक धरलेला वहिनींचा हात खाली येऊ लागला. लोणकढ्यांना दुसरं काही दिसत नव्हतं; ना लोक, ना पट्ट्या. तो हात छातीपाशी आला, पियानोच्या लाकडापर्यंत आला. तिथे, लाकडापासून बोटभर वर, थांबला. लोणकढे त्या बोटभर जागेकडे बघत राहिले. तिच्यात गाडीतला तो शब्द होता, अर्धा ओढलेला पडदा होता, आणि त्यांची स्वतःची राहिलेली सगळी वर्षं होती.

हात पुन्हा वर गेला.

"लोणकढे," वहिनी माइकमधून म्हणाल्या, "थापा पुरे. पांढरी चार आहे ती."